पंडित जसराज नावाचा लघुग्रह

शहापूर-मुरबाडच्या गावांत अमावास्येच्या रात्री आपण अंगणात आलो, की चांदण्यांचा सडा दिसतो. पण आकाशातलं सारंच काही डोळ्यांना दिसत नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगडी गोळे सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांना लघुग्रह म्हणतात. पृथ्वीची फेरी एका वर्षात पुरी होते. यांना बहुधा तीन ते सहा वर्षे लागतात.

त्यांतल्या एकाचं नाव आहे पंडितजसराज. होय, मेवाती घराण्याचे गवई, तेच! जन्म हरियाणातला, पण राहिले मुंबईत, आणि व्ही. शांतारामांचे जावई झाले.

हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत, माउंट लेमन डोंगरावरच्या दुर्बिणीतून सापडला. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतात. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकला, की समजावं, हा तारा नव्हे.

पण सापडला म्हणजे लगेच नाव मिळालं, असं नाही. मोजणीवाचून जमिनीला तरी गट नंबर कुठे मिळतो? आधी त्याची वाट, म्हणजे कक्षा, पक्की व्हावी लागते. १ जानेवारी १८०१ ला सिसिली बेटावर पियाझ्झी यांना सेरेस सापडला, आणि थोड्याच दिवसांत सूर्याच्या उजेडात हरवला. मग गाउस या तरुण गणितज्ञाने कागदावर त्याची वाट मांडली, तेव्हा वर्षअखेर तो पुन्हा दिसला. रानात चुकलेली गाय तिची वाट ठाऊक असली की सापडते ना, तसंच.

वाट पक्की झाली की क्रमांक मिळतो. याचा क्रमांक ३००१२८. शेवटाकडून दोन-दोन अंक घेऊन वाचा : २८, ०१, ३०. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा! आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने सप्टेंबर २०१९ मध्ये हे नाव दिलं. हा मान त्यांना जिवंतपणी पाहता आला. १७ ऑगस्ट २०२० रोजी ते वारले.

नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा, मंजुरी संघाची. पुढारी आणि लढवय्ये यांचं नाव मात्र मृत्यूनंतर शंभर वर्षं गेल्याशिवाय देत नाहीत. हा नियम आम्हांला फार पटतो. आणि इथे पैसे चालत नाहीत. 'ताऱ्याला तुमच्या मुलाचं नाव देतो, इतके रुपये भरा,' असं म्हणून कुणी रंगीत कागद पुढे केला, तर खाली सही कुणाची आहे ते आधी वाचा. असं विकत घेतलेलं नाव संघाच्या वहीत चढत नाही.