खताच्या अर्काची परीक्षा : नाकाची साक्ष किती मानावी?

कंपोस्ट खत पाण्यात भिजवून ते पाणी झाडांच्या मुळांशी घालण्याची चाल अलीकडे पुष्कळ ठिकाणी पडली आहे. ह्या पाण्यास ‘कंपोस्ट टी’ म्हणजे खताचा चहा असे म्हणतात. परंतु ते चुलीवर उकळावयाचे नसते, म्हणून आम्ही ह्या पाठात त्यास खताचा अर्क म्हणू. अर्क चांगला उतरला की बिघडला हे वासावरून ओळखावे, आणि मातीसारखा वास आला की तो निर्धोक समजावा, असे जो तो सांगतो. हे सांगणे अर्धे खरे आहे; आणि अर्ध्या खऱ्यावर पुरा भरवसा ठेविल्यास घरातील लेकराबाळांच्या पोटास अपाय होण्याचा संभव आहे. यास्तव नाक कोणत्या गोष्टीची साक्ष देऊ शकते व कोणत्या गोष्टीची देऊ शकत नाही, हे आपण क्रमाने पाहू.

१. आधी खत, मग अर्क

जसे खत तसा अर्क. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथील वनस्पतिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे बसविलेली खताची रीत १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत मुरलेली माती व राख ही थराथरांनी रचावयाची, ओलावा राखावयाचा, ठराविक दिवसांनी ढीग तीनदा खालवर करावयाचा, म्हणजे सुमारे ३ महिन्यांत खत तयार होते. ढीग खालवर करण्याचा हेतू हा की, आत हवा जावी. हवा मिळाली म्हणजे कुजविणारे सूक्ष्म जीव झपाट्याने काम करितात व ढीग आतून तापतो.

ही ऊब फार महत्त्वाची आहे. शेणात रोगजंतू असू शकतात, आणि ते ह्या तापाने मरतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांप्रमाणे उघड्यावरील लांब ढिगाची ऊब निदान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिली पाहिजे, व त्या अवधीत तो निदान ५ वेळा खालवर केला पाहिजे. असे केल्याने बाहेरचा थंड थरही आत जाऊन तापतो. जो ढीग कधी तापलाच नाही, त्याचे खत काळे व भुसभुशीत दिसले तरी अर्कासाठी घेऊ नये. ताजे शेण तर मुळीच घेऊ नये.

२. अर्क करण्याची रीत

२० लिटरच्या बादलीस सुमारे २ लिटर मापाचे पक्के खत पुरे होते. ते सुती फडक्यात सैल बांधून पाण्यात सोडावे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल किंवा पाणी नळाचे असेल, तर ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवावे. खतातील ज्या जीवांसाठी आपण हा खटाटोप करितो, ते जंतुनाशकाने मरू नयेत म्हणून ही खबरदारी.

आता पाण्यात हवा खेळती ठेवावयाची. शोभेचे मासे ठेवण्याच्या काचेच्या पेटीत हवा सोडणारा लहान विजेचा पंप मिळतो. तो असल्यास अर्क २४ तास ठेविता येतो. पंप नसल्यास सकाळी खत भिजवावे, दिवसभर वरचेवर काठीने ढवळावे किंवा एका बादलीतून दुसरीत उंचावरून ओतावे, आणि संध्याकाळी अर्क वापरून टाकावा. रात्रभर तसाच ठेवू नये. उन्हाळ्यात विशेष जपावे. पाणी जितके ऊन तितकी त्यात हवा कमी मावते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. म्हणून बादली सावलीत असावी. हवा देणे थांबविल्यावर अर्क थोड्याच तासांत संपवावा. बाटलीत भरून साठवू नये.

३. नाक काय सांगते

हवेत जगणारे जीव व हवेवाचून जगणारे जीव ह्यांच्या कामाचे वास भिन्न आहेत. त्यावरून पाण्यात हवा होती की नव्हती हे नाकास कळते.

पहिल्या पावसानंतर जमिनीस जो सुवास सुटतो, तसा वास पक्क्या खतास येतो. तो मातीतील काही सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या द्रव्याचा असून, त्या द्रव्यास १९६५ साली ‘जिओस्मिन’ हे नाव मिळाले. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच मातीचा वास असा होतो. आपले नाक ह्या द्रव्याविषयी इतके तीक्ष्ण आहे की, पाण्याच्या लाख कोटी भागांत त्याचे थोडेसे भाग असले तरी ते कळते.

नासक्या अंड्याची घाण आली, तर हवा संपून गंधकाचा विषारी वायू सुटला असे समजावे. आंबूस किंवा ओकारीसारखा वास आला, तर आम्ले उत्पन्न झाली आहेत. तुंबलेल्या गोठ्यात डोळ्यांस झोंबतो तसा उग्र दर्प आला, तर तो अमोनियाचा होय. बहुधा खत कच्चे होते. ह्यांपैकी कोणताही वास आला तर तो अर्क झाडांस घालू नये. तो विहिरीपासून दूर, कोरड्या पाल्याच्या ढिगावर ओतावा.

परीक्षेची रीतही नीट असावी. दिवसभर गोठ्यात राबलेल्याचे नाक त्या वासास सरावलेले असते. म्हणून बाहेरून आलेल्या दुसऱ्या कोणास हुंगावयास सांगावे. आरंभी खताची मूठ हुंगून ठेवावी आणि मग अर्काचा वास तिच्याशी ताडून पाहावा. झाकलेल्या पिंपात तोंड घालून कधीही हुंगू नये. नासक्या अंड्याचा तो वायू फार साचला असता नाक बधिर करितो, आणि घाण येईनाशी झाली म्हणजे धोका टळला असे होत नाही. झाकण काढून, दूर उभे राहून, हाताने वारा आपल्याकडे घ्यावा.

४. नाक काय सांगत नाही

येथे पाठाचा मुख्य मुद्दा आहे. हगवण व ताप आणणारे कित्येक जंतू, जसे ई. कोलायची विषारी जात व साल्मोनेला, हवेत आणि हवेवाचून अशा दोन्ही स्थितींत जगू शकतात. त्यांच्या असण्याने अर्कास निराळा वास येतोच असे नाही. म्हणजे हवा उत्तम खेळत आहे, वास मातीसारखा आहे, आणि तरीही आत रोगजंतू आहेत, असे घडू शकते.

अर्क जोरकस व्हावा म्हणून त्यात गूळ किंवा उसाची मळी घालण्याची चाल आहे. गोडाने चांगले जीव वाढतात, पण वाईटही वाढतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मळी जसजशी अधिक घातली तसतसे हे दोन्ही जंतू अधिक वाढलेले आढळले. आणि २००७ सालच्या प्रयोगांत, असे खाद्य घातलेल्या अर्कात हवा खेळती असूनही ते वाढले. २००४ सालीच अमेरिकेतील सेंद्रिय मानकमंडळाच्या समितीने असा सल्ला दिला की, खाद्य घातलेल्या अर्काची प्रयोगशाळेत तपासणी झाली नसेल तर त्यास कच्च्या शेणखताचा नियम लावावा. तो नियम असा की, खाण्याचा भाग मातीस लागत असेल तर काढणीपूर्वी १२० दिवस, आणि लागत नसेल तर ९० दिवस, ते खत घालू नये.

आता हा हिशेब आपल्या परसात करून पाहा. कोथिंबीर व मुळा ही पेरल्यापासून सुमारे दीड महिन्यात हाती येतात. म्हणजे १२० दिवसांचा नियम पाळावयाचा तर असा अर्क त्यांस कधीच घालता येत नाही. आणि हीच तर आपण बहुधा कच्ची खातो!

५. काय करावे

गूळ व मळी घालूच नये. अर्क मुळांशी, जमिनीवर घालावा. पानांवर किंवा फळांवर शिंपडू नये. कच्च्या खावयाच्या भाज्यांस तो न घालता पक्के खत पेरणीपूर्वी मातीत मिसळावे. फुलझाडे व अद्याप फळास न आलेली कलमे ह्यांस अर्क घालावा. काम झाल्यावर साबणाने हात व भांडी धुवावी, आणि ती बादली घरच्या पाण्यासाठी वापरू नये.

लाभाविषयीही मर्यादेने बोलावे. पुष्कळ पाण्यात उतरलेल्या अर्कात पिकाचे अन्न थोडेच असते, आणि झाडांचे रोग हटविण्याविषयीच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. खरा लाभ खतातच आहे. ज्याच्यापाशी खत थोडे आहे, त्याने ते सरळ मातीत घालावे. त्याचे काही बिघडणार नाही.

सारांश, घाण वास हा अर्क टाकून देण्यास पुरेसा पुरावा आहे. चांगला वास हा तो पोटास निर्धोक मानण्यास पुरेसा पुरावा नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. ढीग खालवर केल्याने कोणत्या दोन गोष्टी साधतात?
२. उन्हाळ्यात अर्क लवकर का नासतो?
३. मातीसारख्या वासावरून काय कळते, आणि काय कळत नाही?
४. आपल्या परसातील कोणत्या भाज्या कच्च्या खाल्ल्या जातात, आणि त्यांस सध्या काय घातले जाते?