सातपुड्यावर बोलताना

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कधी वाचनालयात, कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी गावच्या पारावर मी सातपुड्यातलं रान, इथला दगड आणि इथली माणसं यांवर बोलत आले आहे. बोलता बोलता जे उमजत गेलं, ते मांडते.

१. पायाखालचं सांगितलं की माणूस खुलतो. धुळ्याच्या आसपास काळ्या दगडाच्या भिंती माळावरून सरळ रेषेत लांबवर गेलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, जुनी तटबंदी असावी. पण त्या कुणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा त्यांत चढला आणि तिथेच थिजला. भोवतीचा दगड झिजून गेला, हा टणक म्हणून उरला. एवढं सांगितलं की मागून आवाज येतो, ‘आमना वावरमा बी शे ती!’ मग जो तो आपापल्या शिवारातली भिंत सांगू लागतो.

२. एका पाखराची नीट सांगितलेली हकिगत दहा इशाऱ्यांपेक्षा जास्त काम करते. माझं हे पाखरू म्हणजे रानपिंगळा. पक्षितज्ज्ञ ह्यूमनं 1873 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, 1884 नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानं तर ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळाला, अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. शोधणारे भलतीकडेच फिरले. ही लबाडी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांच्या ध्यानात आली. मग त्या खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर निघाल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा दिसला तो शहाद्याजवळ. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. 113 वर्षं ‘हरवलेला’ हा पक्षी भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो, सरडे टिपतो, बिथरला की शेपटी डावी-उजवी झटकतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. हे चित्रात दाखवलं की पोरं पुढे सरकून बसतात. याचं घरटं ढोलीत असतं; सागाचं जुनं, ढोलीचं झाड का राखायचं, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

३. रान कायम असंच होतं, हा समज फार घट्ट असतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे निघाले, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. एकावर कुणीतरी बारीक रेघांची जाळी कोरली आहे. खान्देशात शहामृग! म्हणजे इथलं रान तेव्हा वेगळं होतं. सभागृह गप्प होतं.

४. ज्याला सर्वांत जास्त ठाऊक असतं, तो बहुधा दाराशी उभा असतो. यावल-रावेरच्या डोंगरपट्ट्यात व्याख्यानाला पावरा, तडवी, भिल्ल मंडळी येतात आणि मागे थांबतात. एकदा एका पावरा आजोबांना मी पुढे बोलावलं. कोणत्या झाडाची ढोली कोणत्या पाखराची, मोहाची फुलं पडू लागली की कोणती जनावरं रात्री तिथे येतात, हे ते सांगत गेले, शेजारचा शिक्षक मराठीत मांडत गेला. आम्ही आदिवासी वारसा म्हणून भोंगऱ्या बाजाराचे, होळीच्या नाचाचे रंगीत फोटो दाखवतो. ते सुंदरच आहेत. पण ज्या समाजानं वाघाला देव मानून पुजलं, त्याचं रानाविषयीचं ज्ञान फोटोत मावत नाही. म्हणून आता व्याख्यानाचा निम्मा वेळ मी अशा माणसांसाठी राखून ठेवते.

५. आयोजकांना एवढीच विनंती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह असतो. त्याच्या पत्रिकेवर प्राध्यापकांच्या बरोबरीनं पाड्यावरच्या जाणत्या माणसाचंही नाव छापा, आणि मानधन व एसटीचं भाडं दोघांना सारखंच द्या.