सोने शोधणाऱ्यांचे हातपाय

सोने कोठे सापडते, असे कोणी विचारले तर आपण लगेच म्हणतो, "खाणीत." कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण फार प्रसिद्ध होती. ती २००१ साली बंद झाली. त्याच राज्यातील हट्टीच्या खाणीतून मात्र आजही सोने निघते. झारखंडमध्ये सुवर्णरेखा नदीच्या काठी लोक वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे करतात. पण सोने शोधणारी माणसे पाहण्यासाठी इतक्या दूर जायला नको. मुंबईच्या झवेरी बाजारात पहाटे गेलात, तर दुकाने उघडण्यापूर्वी काही माणसे रस्ता झाडताना दिसतील. ती पायऱ्यांच्या फटी ब्रशने साफ करतात, गटारातील गाळ घमेल्यात भरतात. हा केर ती फेकत नाहीत. घरी नेतात.

या लोकांना न्यारिये म्हणतात. हा शब्द तुम्ही घरीही ऐकला असेल. न्यारा म्हणजे वेगळा, निराळा. मातीतून सोने न्यारे करतो तो न्यारिया. मराठीत यांना झारेकरी असे जुने नाव आहे. आपल्या उल्हासनगरच्या बाजारातही सोनारांची दुकाने पुष्कळ आहेत, आणि जेथे सोनार असतो तेथे सोन्याची धूळ असतेच. कानस चालवताना सोन्याचा कीस उडतो. तो कारागिराच्या कपड्यांना, केसांना आणि पायांच्या तळव्यांना चिकटतो. म्हणून हुशार कारागीर हातपाय धुतो आणि ते पाणीही साठवून ठेवतो.

न्यारिया आधी केर जाळतो. कागद, दोरे, केस जळून जातात. राख बारीक करून चाळतात. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढून घेतात. मग राख परातीत घेऊन पाण्यात हलवतात. सोने पाण्याच्या १९ पट जड असते, तर वाळू अडीच पटींहून थोडी जास्त. त्यामुळे माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोने तळाशी बसते. शेवटी पारा किंवा तेजाब वापरून सोने शुद्ध करतात. तेजाब म्हणजे येथे नायट्रिक आम्ल. त्यात चांदी आणि तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही.

हे सगळे काम हातांनी होते. आता त्या हातांकडे आणि पायांकडे पाहा. पायात बहुधा रबरी चप्पल असते आणि हात उघडे. गटाराच्या गाळात काचा, खिळे, तारा असतात. पायाला छोटीशी जखम असेल आणि उंदराच्या लघवीने दूषित झालेले पाणी तिला लागले, तर लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येऊ शकतो. त्यात मूत्रपिंडे आणि यकृत बिघडतात. माणूस दगावतोही. चार कणांसाठी केवढी ही किंमत!

शिवाय सगळ्याच गटारांत नुसती घाण नसते. आपली वालधुनी नदीच पाहा. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० साली हिच्याच काठी बांधले गेले. पुढे ती उल्हासनगरातून वाहत जाते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात कोणीतरी रसायन सोडले. त्याच्या वाफेने शेकडो लोकांना त्रास झाला आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. अशा पाण्यात चप्पल घालून उतरणे म्हणजे अनवाणी उतरण्यासारखेच आहे.

मग पायात काय घालावे? कापडी बूट पाणी पितो. चामड्याचा बूट मजबूत असतो, पण ओला झाला की जड होतो, आम्लाने खराब होतो आणि त्याच्या शिवणीत पाऱ्याचे थेंब अडकून बसतात. गाळाच्या कामाला गुडघ्यापर्यंतचा गमबूट बरा. त्याला शिवण नाही, नाडी नाही. बाहेरून पाणी ओतले की स्वच्छ होतो. अंबरनाथ, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या घरी असे बूट तुम्ही पाहिले असतील. मात्र साध्या गमबुटाच्या तळातून खिळा आरपार जाऊ शकतो. म्हणून ज्याच्या तळात पोलादी पत्रा आहे आणि बोटांवर पोलादी टोपी आहे, तो घ्यावा. तळाच्या खाचा खोल असाव्यात, नाहीतर शेवाळावरून पाय सरकतो.

येथे एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियात हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन माळरानावर सोने शोधत हिंडतात. त्यांना पोलादी टोपीचा बूट चालत नाही. कारण यंत्र जमिनीतल्या सोन्याऐवजी पायातल्या पोलादावरच वाजू लागते! तेव्हा एकाला जो बूट चांगला, तोच दुसऱ्याला अडचणीचा.

हातमोज्यांचे तर याहून अवघड आहे. जाड मोजे घातले की बोटांना बारीक कण कळत नाही. म्हणून न्यारिया ते काढून ठेवतो. त्याला दोष कसा द्यावा? त्याचे पोट बोटांच्या टोकांवर आहे. सुती मोजे मऊ असतात, पण ओले होतात, आणि सोन्याची धूळ त्यांच्या विणीत शिरते. ती पुन्हा निघत नाही. गाळासाठी गुळगुळीत रबराचे, कोपरापर्यंत येणारे मोजे सोयीचे. ते परातीतच धुता येतात, एक कणही वाया जात नाही. हे न्यारियाला सांगितले तर त्याला लगेच पटेल.

मूस भट्टीतून काढताना मात्र रबर नको. ते वितळून कातडीला चिकटते. तेथे चामड्याचे कोरडे मोजे हवेत. उलट तेजाबाजवळ चामडे कामाचे नाही. डॉक्टर वापरतात ते पातळ मोजेही नकोत. नायट्रिक आम्ल तीव्र असेल तर साधे रबरही त्यापुढे टिकत नाही. कोणत्या रसायनाला कोणता मोजा किती वेळ टिकतो, याचा तक्ता चांगले कारखाने मोज्यांबरोबर देतात. तो मागून घ्यावा. मोज्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवावी, म्हणजे हात वर केला तरी थेंब ओघळून दंडाकडे जात नाही. पँट बुटात खोचू नये, बुटाच्या बाहेर सोडावी. नाहीतर सांडलेले तेजाब थेट बुटात उतरते.

मोजा घातला म्हणजे हात सुरक्षित, असे समजणे किती घातक असते, याचे एक उदाहरण आहे. कॅरेन वेटरहान या अमेरिकेतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९९६ च्या ऑगस्टमध्ये प्रयोग करताना पाऱ्याच्या एका संयुगाचे दोन-चार थेंब त्यांच्या मोज्यावर पडले. मोजा पातळ रबराचा होता, फाटलेला नव्हता. त्यांना काही जाणवलेही नाही. काही महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. १९९७ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. ते संयुग अशा मोज्यातून काही सेकंदांतच आत जाते, हे पुढे तपासणीत कळले. सोनारांचा पारा म्हणजे ते संयुग नव्हे. पण साधा पारा तापवला की त्याची वाफ होते आणि ती श्वासावाटे शरीरात जाते. तेथे मोजा काय करणार? पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाटा करार झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे.

तेजाबातून निघणाऱ्या तपकिरी धुरालाही मोजे अडवू शकत नाहीत. तो फुप्फुसांना इजा करतो आणि कधी कधी त्रास काही तासांनी सुरू होतो. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याला तर कितीही चांगला गमबूट वाचवू शकत नाही, कारण आतला वायू क्षणात बेशुद्ध करतो. तेथे उतरूच नये. दागिन्यांना चकाकी देणाऱ्या फिरत्या बफजवळ मोजे घालणे उलट धोक्याचे आहे. मोज्याचे टोक चाकात अडकले की बोटही ओढले जाते. तेथे उघडा हातच बरा.

बूट विकत घ्यायला शक्यतो संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडे फुगलेले असतात. जे पायमोजे रोज घालणार, तेच घालून बूट पायात घालून पाहावा. बोटांपुढे थोडी जागा राहिली पाहिजे. आयएसआयची खूण पाहावी. मोजा घेतल्यावर त्यात हवा भरून तोंड पिळावे आणि पाण्यात बुडवावे. बुडबुडे आले तर भोक आहे, तो मोजा टाकून द्यावा. काम झाल्यावर मोजे हातात असतानाच धुवावेत, मग काढावेत आणि सावलीत उलटे टांगावेत. बूट दाराबाहेर ठेवावेत. घरात लहान मूल रांगत असते, आणि बुटाच्या तळाला लागलेला पारा जमिनीवर उतरायला वेळ लागत नाही.

शब्दार्थ
केर – कचरा
कीस – कानशीने घासल्यावर पडणारा बारीक चुरा
गाळ – पाण्याच्या तळाशी बसलेला चिखल
मूस – धातू वितळवण्याचे भांडे
दगावणे – मरण पावणे
ओघळणे – थेंबाथेंबाने खाली वाहणे

स्वाध्याय
१. न्यारिया हे नाव कसे पडले असावे?
२. राख पाण्यात हलवल्यावर सोने तळाशी का बसते?
३. कारणे लिहा : (अ) न्यारिया जाड हातमोजे काढून ठेवतो. (आ) ऑस्ट्रेलियातील हौशी लोक पोलादी टोपीचा बूट घालत नाहीत. (इ) बफजवळ हातमोजे घालू नयेत.
४. 'पोट बोटांच्या टोकांवर असणे' याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तेजाब, न्यारा, चांदी यांसारखे उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे आणखी पाच शब्द लिहा.
६. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी कारखान्यात काम करत असेल, तर ते कोणते बूट आणि हातमोजे वापरतात ते विचारून पाच वाक्ये लिहा.