हरलेला डाव पुन्हा मांडताना

मेहकरहून लोणारला जाताना आमचं सुलतानपूर लागतं. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, आणि मधल्या वेळात मोबाइलवर बुद्धिबळ, असा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम आहे. शिकवायला प्रशिक्षक नाही, जवळपास क्लब नाही. लिचेस नावाची साइट हाच माझा क्लब. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं ती २०१० मध्ये सुरू केली. ती पूर्ण मोफत आहे, जाहिरातीही नाहीत, आणि रात्री कितीही वाजता उघडली तरी समोर कुणीतरी पट मांडून बसलेलंच असतं. या काळात जे हाती लागलं ते इथे मांडतो. मोठ्या खेळाडूंना यातलं सगळं ठाऊक असेल. माझ्यासारखे हौशी लोक गावोगावी खेळत असतात, त्यांच्याशी हे बोलणं आहे.

१. नुसतं खेळत राहिल्यानं खेळ सुधारत नाही, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. एरवी कुठल्याही कामात हात बसतो तो करून करूनच. इथे मात्र करून करून सवय पक्की होते, चांगली असो वा वाईट. घाईनं वजीर बाहेर काढणारा माणूस शेकडो डावांनंतरही तो घाईनंच काढतो, फक्त अधिक झपाट्यानं. डाव चालू असताना आपण शिकत नसतो, जे येतं ते वापरत असतो. शिकणं घडतं डाव संपल्यावर. आणि नेमक्या त्याच क्षणी स्क्रीनवर ‘नवा डाव’ असं बटण येतं.

२. रेटिंगचा आकडा कसा चालतो हे समजून घेतल्यावर मनाला बरीच स्वस्थता आली. आर्पाड एलो या प्राध्यापकानं ही पद्धत बसवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघानं, म्हणजे फिडेनं, ती १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन साइट तिच्याच पुढच्या रूपांवर चालतात. दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्यानं चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, असा तिचा हिशेब. साइट शोधून देते तो प्रतिस्पर्धी मात्र जवळपास आपल्याच आकड्याचा असतो. म्हणजे आपण कितीही सुधारलो तरी निम्म्याच्या आसपास डाव हरणारच, फक्त अधिक चांगल्या माणसांकडून. हरणं संपेल त्या दिवशी आपण चांगले झालो, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. तो दिवस या हिशेबात बसतच नाही.

३. हरलेला डाव लाकडी पटावर मांडून पाहिला की तो वेगळाच दिसतो. मी वहीत चाली उतरवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी, राग निवल्यावर, एकेक चाल पुन्हा खेळतो. डाव कुठे हातातून गेला असं मला वाटतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहितो. त्यानंतरच मोबाइलवरचं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन उघडतो. हा क्रम मोडायचा नाही, एवढं मी पाळतो. कारण स्टॉकफिश एका क्षणात सांगतं की अमुक चाल वाईट, अमुक चांगली. ती वाईट चाल मला चांगली का वाटली, हे ते सांगू शकत नाही. ते ठाऊक असतं फक्त मला, आणि उत्तर आधीच पाहिलं तर मलाही आठवत नाही.

या वहीनं मला नम्र केलं. पराभवामागे काही खोल डावपेच असतील अशी समजूत असते. पानं उलटत गेलो तसं दिसलं की बहुतेक ठिकाणी कारण एकच: समोरच्याच्या शेवटच्या चालीकडे पाहिलंच नव्हतं. उंटाला कुणाचा आधार नव्हता, घोडा एकाच वेळी राजा आणि हत्तीवर उडी घेऊ शकत होता, किंवा राजापुढची तीन प्यादी जागची न हलल्यानं शेवटच्या ओळीत हत्ती येऊन मात झाली होती. लहान मुलालाही समजतील अशी कारणं. बुद्धिबळात आमच्या पातळीवर डाव बुद्धीच्या कमतरतेनं कमी जातात आणि लक्ष नसल्यानं जास्त.

पट मांडण्याचा आणखी एक फायदा. फक्त मोबाइलवर तयार झालेली नजर वरून खाली पाहायला शिकलेली असते. खऱ्या पटावर मोहरी उभी असतात, एकमेकांना झाकतात, आणि तिरक्या रेषेच्या टोकाला बसलेला उंट नजरेतून सुटतो. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेला ज्यांना जायचं आहे त्यांनी तरी आठवड्यातून काही डाव पटावर खेळावेत. तिथे हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, हेही बोटांना माहीत हवं.

४. माझा सगळ्यात चांगला शिक्षक घरातच होता. आबा, म्हणजे माझे वडील, देशी पद्धतीनं खेळतात. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या उभ्या रांगेत पोचलं तिथलं मोहरं होतं, दर वेळी वजीर नाही. मोबाइलवरचे नियम त्यांना परके आहेत, तरी माझे हरलेले डाव मांडले की ते शेजारी येऊन बसतात. प्रत्येक चालीला त्यांचा एकच प्रश्न असतो : “त्यानं हे काऊन खेळलं?” मी उत्तर द्यायला लागलो की म्हणतात, “तुझं नंतर सांग. त्याचं सांग.”

या प्रश्नानं माझा खेळ जितका बदलला तितका कुठल्याही व्हिडिओनं बदलला नाही. ओपनिंगची नावं आबांना ठाऊक नाहीत. पण समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखल्याशिवाय हात उचलायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. देशी खेळाची सुरुवातच संथ असते. दोन्ही फौजा उशिरा भिडतात, त्यामुळे पाठांतराचा उपयोग थोडा आणि बघण्याचा जास्त.

मीर सुलतान खान यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आबाच आठवले. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा हा माणूस, वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकलेला. सर उमर हयात खान या जमीनदारांबरोबर १९२९ मध्ये तो लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. पाश्चात्त्य नियम आणि ओपनिंगची पुस्तकी विद्या त्याच्याकडे उशिरा आली, तरी डावाच्या मध्यात आणि शेवटाला तो भल्याभल्यांना भारी पडे. फिडेनं त्याला २०२४ मध्ये मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला. खेड्यापाड्यांतल्या पारावर देशी नियमांनी खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण जुनाट समजतो. त्यांच्यासमोर बसून पाहावं.

५. शिकण्याची सुरुवात शेवटापासून करावी, असं आता माझं ठाम मत झालं आहे. राजा आणि एक प्यादं विरुद्ध एकटा राजा, ही स्थिती नीट समजायला मला एक अख्खी रब्बी लागली. आपला राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला की चाल कुणाचीही असो, प्यादं वजीर होतंच. अपवाद फक्त अगदी कडेच्या प्याद्याचा. तिथे समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला तर डाव बरोबरीत सुटतो. एवढं कळलं आणि मधल्या डावातले निर्णय सोपे झाले. वजीरावजीरी करावी की नाही, हत्ती मारून घ्यावेत की ठेवावेत, हे पुढे काय उरणार ते दिसल्याशिवाय ठरवता येत नाही.

२८ जुलै २०२५ चा दिवस आम्हा विदर्भातल्या बुद्धिबळवेड्यांच्या कायम लक्षात राहील. नागपूरची दिव्या देशमुख, वय १९, जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी खेळत होती. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. शेवटचा डाव एन्डगेमपर्यंत ताणला गेला, हंपीचं घड्याळ संपत आलं होतं, आणि तिथे दिव्यानं तो जिंकला. त्या विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी आणि भारतीय महिलांमध्ये चौथी. मला सर्वांत भिडलं ते त्यानंतरचं. विश्वचषक जिंकलेली ही मुलगी म्हणाली की आपल्याला एन्डगेम अजून शिकायला हवा. ती असं म्हणत असेल तर आपण ओपनिंगचे व्हिडिओ पाहत किती संध्याकाळी घालवायच्या, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

६. ओपनिंगबद्दल म्हणूनच थोडक्यात. पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन मांडण्या पुरतात. मधली घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, राजा सुरक्षित करा. आमच्या पातळीवर समोरचाही आठव्या-नवव्या चालीला पुस्तकाबाहेर पडतो.

७. घड्याळ किती मिनिटांचं लावता यावर तुम्ही काय शिकाल ते ठरतं. तीन मिनिटांच्या डावात बोटं शिकतात, पंधरा मिनिटांच्या डावात डोकं. आमच्याकडे शेतीच्या पंपाची लाईन अनेकदा रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी सोडलं की बांधावर जागत बसावं लागतं. पूर्वी मी त्या वेळात झटपट डाव खेळत असे, एकामागून एक. आता पंधरा मिनिटांचा आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव मिळणारा एकच डाव खेळतो. ही वाढीव सेकंदं फार मोलाची. जिंकलेला डाव केवळ घड्याळामुळे जात नाही, आणि रेंज क्षणभर गेली तरी परत येईपर्यंत थोडा धीर धरता येतो. बाऱ्याचं तोंड बदलून परत आलो की डोकं ताजं असतं, हा माझा स्वतःचा अनुभव. फुरसतीची ही लांबलचक रात्र शहरातल्या खेळाडूला कुठून मिळणार?

८. हरल्यावर लगेच दुसरा डाव सुरू केला की आपण समोरच्याशी खेळत नसतो, मागच्या डावाशी खेळत असतो. सलग दोन हरले की मोबाइल ठेवायचा, हा नियम मी करून घेतला आहे. पराभवानंतर सावरणं ही निराळी कला आहे. नाशिकचा विदित गुजराथी २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलीच फेरी हरला होता. उरलेल्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण घेऊन त्यानं स्पर्धा जिंकली आणि कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळवली. तिथे दोन फेऱ्यांमध्ये एक रात्र असते. ऑनलाइन डावांमध्ये ती रात्र आपली आपणच घालायची.

९. प्रत्येक पराभवामागे समोरच्यानं कॉम्प्युटर वापरला असेल अशी शंका घेऊ नये. तसं करणारे असतात. संशय आला तर तक्रारीचं बटण आहे, ते दाबावं आणि विषय सोडावा. शंका घेत बसलं की डाव पुन्हा मांडायची इच्छाच मरते, आणि नुकसान आपलं होतं.

१०. पटावर कोण बसलं आहे हे न कळणं, ही ऑनलाइन बुद्धिबळाची मला सर्वांत मोठी देणगी वाटते. माझी पुतणी आठवीत आहे. गावातल्या मोठ्या माणसांसमोर ती पटावर बसायला कचरते, बसली तर चार जण मागून चाली सुचवतात. मोबाइलवर तिला फक्त एक टोपणनाव आहे. तिथे ती निवांत विचार करते, आणि हल्ली मला हरवते. हरवल्यावर “काका, मांडायचा का पुन्हा?” असं विचारते. मग आम्ही तिघं बसतो, ती, मी आणि आबा.

तिला मी खाडिलकर बहिणींची गोष्ट सांगितली. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी वयाच्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावरून वाद झाला, प्रकरण फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांच्यापर्यंत गेलं, आणि महिलांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही असा निर्णय त्यांनी दिला. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. एवढी मोठी परंपरा या मराठी मुलींनी उभी केली आणि आमच्या भागातल्या मुलींना ती नावंही ठाऊक नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मोबाइल आता घरोघरी आहे, प्रतिस्पर्धी फुकट मिळतो. कमी पडतो तो पट, आणि डाव संपल्यावर शेजारी बसून ‘त्यानं हे का खेळलं’ असं विचारणारा माणूस. तुमच्या गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात पट नसेल तर एक नेऊन द्या. रेक्झिनचा, गुंडाळून ठेवता येणारा पट आणि प्लास्टिकची मोहरी पुरतात. आणि पट देऊन परत फिरू नका, शनिवारी थोडा वेळ तिथे बसा.