'पास' झालेलं घर

रिझल्टच्या दिवशी आपल्या होस्टेलवर एकच प्रश्न ऐकू येतो, "सुटलास का?" विषय कळला का, हे कोणी विचारत नाही! पण पास होणं आणि विषय येणं यात किती अंतर असतं, हे मला माझ्या मावशीच्या घराने शिकवलं.

मावशी आणि काका न्यू जर्सीत राहतात, दोघेही अमेरिकेचे नागरिक. २०१९ साली त्यांनी तिथे एक जुनं, १९५० च्या दशकात बांधलेलं घर घेतलं, तेही सरकारी पाठबळाच्या कर्जावर. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएचए, ही तिथली १९३४ साली सुरू झालेली सरकारी संस्था. गंमत म्हणजे ती स्वतः कर्ज देतच नाही. कर्ज बँक देते आणि एफएचए त्या कर्जाचा विमा उतरवते. कर्जदाराने हप्ते बुडवले तर बँकेचं नुकसान ती भरून देते. म्हणून क्रेडिट स्कोअर ५८० किंवा जास्त असेल, तर किमतीच्या फक्त साडेतीन टक्के रक्कम पदरची घालून घर घेता येतं. विम्याचा हप्ता मात्र कर्जदारानेच भरायचा!

आता विमा उतरवणारा घर बघितल्याशिवाय थोडाच राहील? म्हणून एफएचएच्या यादीवरचा अप्रेझर येतो. तो घराची किंमत ठरवतो आणि किमान अटीही तपासतो. या अटींचं सार तीन गोष्टींत आहे : राहणाऱ्यांची सुरक्षितता, तारणाची सुरक्षितता आणि बांधकामाचा भक्कमपणा. सिव्हिलवाल्यांनी नीट वाचावं, असे हे काही नियम :

१) छप्पर अजून किमान दोन वर्षं टिकेल असं हवं.

२) विहीर असेल तर ती सेप्टिक टँकपासून किमान ५० फूट आणि त्याचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या जागेपासून १०० फूट लांब हवी. स्थानिक अधिकाऱ्यांना चालत असेल तर हे १०० फूट ७५ वर येऊ शकतात.

३) घर १९७८ पूर्वीचं असेल तर सोललेला रंग चालत नाही. घरगुती रंगात शिसं घालायला अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याचे पोपडे लहान मुलांच्या पोटात गेले तर मेंदूवर परिणाम होतो.

मावशीच्या घरी अप्रेझरने नेमका हाच तिसरा मुद्दा पकडला. खिडक्यांच्या चौकटींचे पोपडे निघाले होते. विकणाऱ्याने ते खरवडून नवा रंग दिला, फेरतपासणी झाली, कर्ज मंजूर! मावशी फोनवर म्हणाली, "अगं, सरकारनेच घर तपासलंय, आता वेगळं काय बघायचं?"

त्याच हिवाळ्यात बाथरूमचं सांडपाणी तळघरात उलटलं. घरापासून रस्त्यापर्यंतच्या जुन्या पाइपमध्ये झाडाची मुळं शिरली होती. पाइप मालकाच्या हद्दीतला, त्यामुळे खर्चही मालकाचा. हजारो डॉलर गेले. मावशीने फाइल उघडली, तर त्यात तिच्याच सहीचा एक कागद निघाला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की घराच्या किमतीची किंवा स्थितीची हमी एफएचए देत नाही, स्वतःच्या रक्षणासाठी घराची तपासणी करून घ्या. कागदांच्या ढिगाऱ्यात तिने तो न वाचताच सही केला होता.

खरं सांगायचं तर कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही मला 'अप्रेझल' आणि 'इन्स्पेक्शन' हे एकच वाटत होते. अप्रेझर दिसेल तेवढं बघतो. पोटमाळ्यातही डोकं आणि खांदे आत घालून नजर टाकतो. पण भिंतीच्या आत किंवा जमिनीखाली काय आहे, हे शोधणं त्याचं काम नाही. त्याचा अहवाल कर्ज देणाऱ्यासाठी असतो. होम इन्स्पेक्टर आपण नेमायचा, त्याची फी आपण द्यायची आणि तो आपल्यासाठी बघतो. जमिनीखालच्या पाइपमध्ये कॅमेरा घालून बघणं बहुधा त्यातही धरलेलं नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. आणि तपासणीची अट करारात असेल तर दोष निघाल्यावर किंमत कमी करून मागता येते किंवा सौदाही सोडता येतो. सही झाल्यावर यातलं काहीच उरत नाही.

आपल्याकडेही बँक व्हॅल्युअर पाठवते. तोही बँकेसाठीच बघतो, हे आईबाबांना जरूर सांगा.

मी काकांना विचारलं, "तपासणीचे पैसे वाचवले याचं वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "पैशाचं नाही गं. घर कोणासाठी तपासलं, हे आम्ही विचारलंच नाही, त्याचं वाटतं."

आता उद्या सबमिशन आहे. माझ्या जर्नलवर सरांचा 'चेक्ड'चा शिक्का कधीच बसलाय. आज रात्री मात्र मी ते स्वतः एकदा वाचणार आहे!