टॉक्सोप्लाज्मोसिस : भीती नको, दक्षता हवी

गर्भवतीच्या तपासणी-अहवालावर ‘टॉर्च पॉझिटिव्ह’ हे शब्द दिसताच घरावर चिंतेचे सावट पसरते. कुणी सुनेला दोष देतो, कुणी अंगणातल्या मांजरीला. महाल परिसरातील कुटुंबांचा हा गैरसमज दूर व्हावा, या हेतूने हे टिपण देत आहोत.

टॉक्सोप्लाज्मा हा एकपेशीय परजीवी आहे. मांजराच्या विष्ठेतून त्याचे बीजकण बाहेर पडतात, हे सन १९७० मध्ये सिद्ध झाले. या संशोधनात भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ जितेंद्र दुबे यांचाही वाटा होता. विष्ठेतील कण संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. पुढे माती, पाणी, न धुतलेली भाजी वा अर्धकच्चे मांस यांतून ते माणसापर्यंत पोहोचतात. सन २००४ मध्ये कोइम्बतूर येथे २४८ जणांच्या डोळ्यांना हा विकार झाला, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच होता. सारा दोष मांजरीला कसा द्यावा?

रक्तात केवळ ‘आयजीजी’ आढळणे हे बहुधा जुन्या संसर्गाचे चिन्ह होय. निरोगी स्त्रीच्या बाबतीत असा जुना संसर्ग गर्भाला सहसा अपाय करीत नाही. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे खापरही त्यावर फोडू नये. खरा धोका गर्भारपणात प्रथमच होणाऱ्या संसर्गाचा. ‘आयजीएम’ही अनेक महिने टिकू शकते, म्हणून ‘अॅव्हिडिटी’ चाचणीने संसर्गाचा काळ पडताळावा लागतो. एका कागदावर विसंबून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये.

सुरुवातीच्या महिन्यांत संसर्ग बाळापर्यंत क्वचित पोहोचतो, पण पोहोचल्यास हानी गंभीर असते. शेवटच्या महिन्यांत नेमके उलट घडते. बाधित बाळ जन्मतः बहुधा निरोगीच दिसते; दृष्टिपटलाचा दाह कित्येक वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. अशा बाळाला साधारणतः वर्षभर औषधे द्यावी लागतात. नेत्रतपासणी त्यानंतरही चुकवू नये.

बचाव मात्र अल्पखर्चाचा आहे. बुधवार बाजारातून आणलेली भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी, मांस पूर्ण शिजवावे, मातीकामानंतर हात साबणाने धुवावेत. मांजरीची घाण घरातील अन्य व्यक्तीने रोजच्या रोज काढावी.

देणगीदारांच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे. अनावश्यक चाचण्यांवर तो खर्ची पडू नये, आणि खरी गरज असलेल्या बाळाची दृष्टी पैशाअभावी जाऊ नये, हीच आमची भूमिका आहे.