ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि इथला उन्हाळा

स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड जेमतेम ४-५ टक्के असते. प्रयोगशाळेतले जवळपास शुद्ध ‘ग्लेशियल’ अ‍ॅसिड मात्र कातडी भाजते आणि पेटतेही. १६.६ अंशांखाली ते बर्फासारखे गोठते, म्हणून हे नाव. साधारण ३९ अंशांना त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. दुबई-शारजात जुलैच्या दुपारी पारा सहज ४० ओलांडतो. तेव्हा बाटली बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात ठेवणे धोक्याचे.

हे लक्षात ठेवा :

१. साठा थंड, हवेशीर जागी. नायट्रिक अ‍ॅसिडपासून दूर.

२. काम फ्यूम हूडमध्येच. गॉगल व ब्यूटाइल रबरचे हातमोजे घाला. पातळ लॅटेक्सवर विसंबू नका.

३. पातळ करताना अ‍ॅसिड हळूहळू पाण्यात घाला, पाणी अ‍ॅसिडमध्ये नको.

४. अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे लगेच काढून वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे धुवा. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा. सोडा लावू नका.

५. पोटात गेल्यास उलटी करवू नका.

रुग्णवाहिकेसाठी ९९८, आगीसाठी ९९७. हे आकडे कपाटाच्या दारावर आजच चिकटवा.